वीट वाहणाऱ्यांचे खचलेले मन

शास्त्रपाठ : निर्गम ५:१ ते ६:९, प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४

आपल्या अनेक मंडळ्यांत बांधकामे चालू असतात. कोठे जुन्या मंदिराची दुरुस्ती, कोठे नवे सभागृह, कोठे पाळकगृह. आपली राहती घरेही कोणीतरी रचलेल्या विटांनी आणि कोणीतरी डोक्यावर वाहिलेल्या घमेल्यांनीच उभी राहिली आहेत. हे काम करणारे स्त्रीपुरुष आपल्या दृष्टीस रोज पडतात. परंतु त्यांच्या मनाची विचारपूस क्वचितच होते.

ही विचारपूस किती निकडीची आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालावरून कळते. २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांपैकी ४४,७१३ जण रोजंदारीवर पोट भरणारे होते. म्हणजे दर चार मृत्यूंमागे एकाहून अधिक. २०१४ साली हेच प्रमाण शेकडा १२ होते. या अहवालात बांधकाम मजुरांची निराळी मोजणी नाही. तथापि शहरांतील रोजंदारीचे मोठे क्षेत्र बांधकाम हेच आहे, हे आपण सर्व जाणतो. या विषयासंबंधी देवाचे वचन काय शिकवते व मंडळीचे कर्तव्य कोणते, याचा प्रस्तुत अभ्यासात आपण विचार करू.

१. पाठाची पार्श्वभूमी

इस्राएल लोकांनी मिसरात फारोसाठी पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधली (निर्गम १:११). अर्थात ते बांधकाम मजूर होते. मोशे व अहरोन यांनी उपासनेसाठी तीन दिवसांची रजा मागितली, तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरवले. विटांसाठी मिळणारा पेंढा त्याने बंद केला. विटांची संख्या मात्र कमी केली नाही. लोक पेंढ्यासाठी देशभर वणवण फिरू लागले. संख्या भरली नाही म्हणून मिसरी मुकादमांनी इस्राएली नायकांना मार दिला. नायकांनी फारोकडे दाद मागितली, ती मिळाली नाही. आणि अखेर त्यांनी मोशेलाच दोष दिला.

यानंतर देवाने मोशेद्वारे मुक्तीचे मोठे अभिवचन पाठवले. ते ऐकून लोक आनंदित झाले असतील, अशी आपली अपेक्षा असते. परंतु सहाव्या अध्यायाचे नववे वचन सांगते की, खचलेल्या मनामुळे आणि कठोर दास्यामुळे त्यांनी मोशेचे ऐकून घेतले नाही.

येथे थांबून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. पहिली, पवित्र शास्त्राने मनाच्या खचण्याचे कारण लोकांच्या पापात शोधले नाही. ते कामाच्या कठोरपणात दाखवले. दुसरी, देवाने लोकांना न ऐकल्याबद्दल दटावले नाही. त्याने मोशेला पुन्हा फारोकडे धाडले. ज्यांचे कान दुःखाने बंद झाले होते, त्यांच्या पाठीवरचे ओझे देवाने आधी काढले. आज्ञा त्यांना पुढे सीनाय पर्वतापाशी मिळाल्या.

२. आजचे वीटकरी

मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून पुण्यामुंबईकडे, झाबुआ, अलिराजपूर व दाहोदच्या डोंगराळ भागांतून सुरत, बडोदे व अहमदाबादकडे, बिहार, झारखंड व ओडिशातून देशाच्या सर्व दिशांना मजूर जातात. पुष्कळदा मुकादम गावातच उचल देतो. पावसाळ्यात घरी धान्य नसते, मुलीचे लग्न असते किंवा आजारपण असते. म्हणून उचल घेतली जाते. मग शहरात आठवड्याला केवळ खर्ची हाती पडते आणि खरा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. त्या हिशेबात किती हजेऱ्या धरल्या, किती कापल्या, हे अक्षरशत्रू मजुराला कळत नाही. पाय मुरगळला अथवा ताप आला की रोज बुडतो. उचल मात्र फिटायची राहते. पेंढा बंद आणि विटांची संख्या तीच, हा फारोचा हिशेब आजही चालू आहे.

याशिवाय एकटेपणाचा भार असतो. मजूर पत्र्याच्या खोलीत राहतो, इमारत पूर्ण झाली की तेथून उठतो. शेजार जमत नाही, भाषा परकी असते. स्त्रिया दिवसभर बिगारीचे काम करून पुन्हा चूल पेटवतात आणि तान्ह्या मुलाला वाळूच्या ढिगाजवळ निजवतात. थकवा विसरण्यासाठी पुरुष दारूकडे वळतात. दारूने झोप बिघडते, पैसा संपतो, घरी भांडण होते. रिकाम्या हाताने गावी परतण्याची लाज तर अनेकांना मरणाहून कठीण वाटते.

२०२२ च्या त्याच अहवालात आत्महत्येच्या कारणांत कौटुंबिक समस्या प्रथम व आजार द्वितीय क्रमांकावर आहे. मृतांत शेकडा सुमारे ७२ पुरुष आहेत. एकाच कारणाने मनुष्य क्वचितच या टोकाला जातो. कर्ज, आजार, व्यसन, अपमान व एकटेपणा एकावर एक रचले जातात, आणि पुष्कळदा त्यांच्या मुळाशी उपचार न झालेला विषाद हा आजार असतो.

३. खचणे म्हणजे अविश्वास नव्हे

“त्याचा विश्वास कमी पडला,” असे आपल्यात सहज बोलले जाते. शास्त्र असे बोलत नाही. मोशेने लोकांच्या भाराला कंटाळून देवाकडे मरण मागितले (गणना ११:१४-१५). एलीयाने रतामाच्या झुडपाखाली तेच मागितले (१ राजे १९:४). ईयोब व यिर्मया यांनी आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. हे सर्व देवाचे निवडलेले सेवक होते. देवाने एलीयाला प्रथम झोप दिली, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले व पुन्हा खाऊ घातले. त्याचे गाऱ्हाणे दोनदा ऐकून घेतले. त्यानंतरच त्याला काम नेमून दिले आणि अलीशासारखा सोबती दिला.

देशाच्या कायद्यानेही या बाबतीत पाऊल पुढे टाकले आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ साली अंमलात आला, अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले व तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर तो सर्वसाधारण गुन्हाच उरलेला नाही. रोमन कॅथोलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती ठेवली गेली नाही. कायदा मृदू झाला असता आपली जीभ कठोर राहू नये. मागे राहिलेली विधवा व लेकरे आपले प्रत्येक वाक्य ऐकत असतात.

४. फिलिप्पै येथील मध्यरात्र

आता दुसऱ्या शास्त्रपाठाकडे वळू. भूकंपाने बंदिशाळेची दारे उघडली, तेव्हा बंदिशाळेच्या नायकाला वाटले की कैदी पळाले. त्यांच्याबद्दल आपल्यालाच जाब द्यावा लागेल या भयाने तो जीव देण्यास सिद्ध झाला. पौल स्वतः फटक्यांनी जखमी होता. तरीही त्याने तीन गोष्टी केल्या.

(अ) त्याने विलंब केला नाही. मोठ्याने हाक मारली.

(आ) तो आडवळणाने बोलला नाही. नायकाच्या मनात जे होते त्याचाच स्पष्ट उल्लेख करून त्याने त्याला थांबवले.

(इ) आपण सर्व येथेच आहोत, हे त्याने सांगितले. नायकाच्या निराशेचे जे खरे कारण होते, तेच या शब्दांनी नाहीसे झाले.

तारणाविषयीचे संभाषण यानंतर झाले आणि तेही नायकाने स्वतः विचारल्यावर. प्रथम जीव राखला गेला, मग वचन सांगितले गेले, मग एकत्र भोजन झाले. या क्रमाचा आपण आदर करावा.

५. सोबतीचे सामर्थ्य

लंडन येथील अँग्लिकन पाळक चॅड व्हारा यांनी १९५३ साली निराश लोकांसाठी आपल्या मंदिरात दूरध्वनी सेवा सुरू केली. तिच्यातूनच पुढे ‘समॅरिटन्स’ ही संस्था वाढली. सल्ला आपण देऊ, अशी त्यांची मूळ कल्पना होती. परंतु त्यांची वाट पाहत बसलेल्यांना स्वयंसेवक चहा देत व त्यांचे बोलणे ऐकत; आणि तेवढ्यानेच पुष्कळांचे मन हलके होत असल्याचे त्यांना आढळले. आपल्या देशात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नई येथे ‘स्नेहा’ ही अशीच संस्था स्थापन केली.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आणलेल्या १,८६७ व्यक्ती त्यात होत्या. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांशी त्याखेरीज सुमारे एक तास समजावून बोलणे झाले आणि घरी गेल्यावर १८ महिन्यांत नऊ वेळा भेटून वा दूरध्वनीवरून विचारपूस करण्यात आली. पहिल्या गटात शेकडा २.२ जणांनी पुढे आत्महत्या केली. दुसऱ्यात शेकडा ०.२ जणांनी. पुन्हा जाऊन विचारणे हे किती मोठे औषध आहे, हे यावरून दिसते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २००८ साली बांधकाम क्षेत्रासाठीच ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ हा उपक्रम सुरू झाला. तेथे कामाच्या जागीच मजुरांना खचलेला सोबती ओळखण्यास शिकवतात. त्यांच्यातीलच काही जण अधिक शिक्षण घेऊन, संकटात सापडलेल्या सोबत्याला सांभाळून योग्य मदतीपर्यंत नेतात. एका घमेल्याच्या रांगेत उभा असणारा सोबतीच प्रथम ओळखू शकतो, हे त्यामागील तत्त्व आहे.

६. मंडळीने काय करावे?

पहिले, मजुरी वेळेवर द्यावी. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराला त्याचे वेतन द्यावे, कारण त्याचे मन त्यावर लागलेले असते, असे अनुवाद २४:१४-१५ शिकवते. शेजाऱ्याकडून काम घेऊन मोबदला न देता घर बांधणाऱ्याला यिर्मया २२:१३ मध्ये धिक्कार आहे. मंदिराचे काम ठेकेदाराला दिले म्हणजे हे उत्तरदायित्व संपत नाही. हिशेब दर आठवड्याला पुरा होतो की नाही, हे बांधकाम समितीने मजुरांनाच विचारावे.

दुसरे, लक्षणे ओळखावी. नेहमी घरी बोलणारा बोलेनासा होतो; झोप व भूक उडते; दारू वाढते; उंचावर काम करताना जिवाची पर्वा राहत नाही; आपल्या वस्तू तो वाटून टाकतो; “आता सुटका झाली तर बरे” असे म्हणतो. असे बोलणे थट्टेवारी नेऊ नये.

तिसरे, सरळ विचारावे. “भाऊ, जीव द्यावा असे मनात येते काय?” असे शांतपणे विचारल्याने तो विचार नव्याने मनात शिरत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी असल्यास त्याला एकटे सोडू नये. इजा करू शकेल अशी वस्तू जवळ राहू देऊ नये. त्याच्या विश्वासातील माणसाला बोलवावे व शासकीय रुग्णालयात स्वतः सोबत जावे. ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठी, हिंदी व इतर अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक मंदिराच्या फाटकावर व बांधकामाच्या जागी लावावा. प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना सांगून औषध बंद करू नये.

चौथे, हक्काचे साहाय्य मिळवून द्यावे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवून राज्यांत बांधकाम कामगार कल्याण मंडळे स्थापण्याचा मार्ग केला. नोव्हेंबर २०२५ पासून ही व्यवस्था सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. वय १८ ते ६० असून मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची नोंदणी होऊ शकते. कागदपत्रे भरण्यास आपल्या तरुण संघाने एक रविवार दुपार दिली, तर एका कुटुंबाचा आजारपणातील भार हलका होईल.

पाचवे, पुन्हा जावे. एकदा डबा देऊन छायाचित्र काढणे ही सेवा नव्हे. तोच मनुष्य, तेच नाव, पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच विचारपूस, हीच सोबत होय.

प्रभू येशूला त्याच्या गावच्या लोकांनी ज्या नावाने ओळखले (मार्क ६:३), तो मूळ ग्रीक शब्द ‘तेक्तोन’ केवळ सुतारासाठी नव्हे, तर घरे बांधणाऱ्या कारागिरासाठीही वापरला जाई. कष्टकऱ्यांना व भाराक्रांतांना त्याने आपणाकडे बोलावले, ते हाताला घट्टे पडलेल्या मनुष्याने दिलेले निमंत्रण होते. ते आज मजुरांच्या कानी पडावयाचे असेल, तर त्यांचे ओझे एका बाजूने तरी आपण उचलले पाहिजे.

विचारार्थ प्रश्न

१. निर्गम ६:९ मधील लोकांना देवाने का दटावले नाही? आपण कोणाला असे दटावले आहे काय?

२. पौलाच्या तीन कृतींपैकी आपल्या मंडळीत कोणती सर्वांत कमी आढळते?

३. आपल्या मंदिराचे वा घराचे बांधकाम करणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत? या आठवड्यात त्यांपैकी कोणाला भेटावे?