प्रौढपणीं नवें काम



नागपुरांतील धंतोली हा भाग आज इस्पितळांनीं भरून गेला आहे. सकाळीं तेथून जावें तर इस्पितळांच्या दारांशीं पहारेकऱ्याचा पोशाख घातलेले पुरुष उभे दिसतात. त्यांतील कित्येकांचे केस पिकलेले असतात. थांबून दोन शब्द बोलावें तर कोणी पूर्वीं शेत करीत होता, कोणी मागावर होता, असें कळतें. हें काम त्यांनीं विशीत निवडलेलें नव्हे. आयुष्याची दुपार उलटल्यावर त्यांना पुनः आरंभ करावा लागला.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतही असे बंधु व भगिनी आहेत. कोणाची जमीन गेली, कोणाची मजुरी तुटली. कोणास पोटापुरतें मिळतें, तरी आपण भलत्याच कामांत अडकलों असें वाटत राहतें. ते उपदेशकास विचारतात, "आतां ह्या वयांत कसें होणार?" ह्या प्रश्नाचा विचार आपण चार भागांत करूं.

१. काम सुटणें हा नेहमीं माणसाचा दोष नसतो.

जमशेटजी टाटा यांनीं काढलेली एम्प्रेस मिल नागपुरांत १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. पुढें शंभरांहून अधिक वर्षें तिच्या भोंग्यावर हजारों घरांचा दिवस उगवत असे. बापाच्या मागून मुलगा त्याच खात्यांत लागे. परंतु यंत्रें जुनीं झालीं, आणि लहान यंत्रमागांच्या स्वस्त कापडापुढें मोठ्या गिरण्यांचा टिकाव लागेना. १९८६ सालीं ती सरकारी महामंडळाकडे गेली, आणि २००२ सालीं कायमची बंद झाली. ज्याला मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कळत असे, त्याच्या त्या ज्ञानास एका दिवसांत गिऱ्हाईक उरलें नाहीं. तो आळशी नव्हता, दारूबाजही नव्हता. पण गांवांत लोक त्याच्याकडे तसेच पाहूं लागले, आणि कांहीं काळानें तोही स्वतःकडे तसाच पाहूं लागला. ह्या दुसऱ्या गोष्टीनें माणूस अधिक खचतो. म्हणून अशा घरीं गेल्यावर "काय चुकलें?" असें प्रथम विचारूं नये, "घरांत दाणा आहे काय?" असें विचारावें.

२. जुनें काम फुकट जात नाहीं.

ह्याच गिरणीचा कारभार टाटांनीं बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हातीं दिला. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरींतून आलेले. कापडाच्या धंद्याची त्यांस माहिती नव्हती. तरी त्यांच्याच देखरेखीखालीं गिरणीची भरभराट झाली. सुताचें ज्ञान कारागिरांपासून घेतां येतें. परंतु पुष्कळ माणसांचें काम वेळेवर व चोख हिशेबानें चालविण्याची संवय अंगीं मुरावी लागते, आणि ती एका धंद्यांतून दुसऱ्यांत सोबत नेतां येते. पौलानेंही नव्या सेवेंत तंबू करण्याचा आपला हातधंदा टाकला नाहीं (प्रे. कृ. १८:३), त्याच धंद्यानें त्यास भाकर दिली. तेव्हां ज्याचें काम सुटलें त्यानें कागद घेऊन, लिहितां येत नसेल तर मुलाकडून लिहवून, आपणांस काय काय येतें तें मांडावें. बैलांची पारख, हिशेब, भांडण मिटविणें, आजाऱ्याची शुश्रूषा हीं सर्व त्यांत यावीं. ज्यास आपण काम म्हणतच नव्हतों, त्यांतच पुष्कळदां नव्या कामाचें बीज सांपडतें.

३. पुनः शिष्य होण्याची लाज सोडावी.

मुरलीधर देवीदास आमटे, ज्यांस लोक बाबा आमटे म्हणत, यांचा जन्म १९१४ सालीं हिंगणघाट येथें झाला. नागपुरास कायद्याचें शिक्षण घेऊन ते वरोऱ्यास वकिली करूं लागले. एके रात्रीं पावसांत रस्त्याच्या कडेस पडलेला एक कुष्ठरोगी पाहून ते भ्याले व निघून गेले. पुढें त्या भीतीचीच त्यांस लाज वाटूं लागली. १९४९ सालीं, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, हा वकील कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत कुष्ठरोगाविषयीं शिकण्यास विद्यार्थी म्हणून बसला. वरोऱ्याजवळ आनंदवन उभें राहिलें तें ह्यानंतर. तेथें ज्यांचीं बोटें झडलीं होतीं, ज्यांस घरानें व धंद्यानें टाकलें होतें, असे स्त्रीपुरुष शेती, सुतारकाम, विणकाम शिकले व आपल्या श्रमाचें खाऊं लागले. ज्याच्या हातांत पूर्वींची पकड राहिली नाहीं तोही नवें काम शिकला, तर धडधाकट माणसानें वयाचें निमित्त कसें सांगावें?

कांहीं काळ नागपुरांत संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचेंही उदाहरण घ्या. त्यांस अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां त्यांनीं साठी केव्हांच ओलांडली होती. पतीच्या मागें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' काव्यही त्यांनींच पुरें केलें. आरंभ उशिरां झाला म्हणून काम हलकें होत नाहीं.

पुष्कळांस आडवें येतें तें वय नव्हे. पुत्रासारख्या पोराकडून शिकावें लागेल ही लाज आडवी येते. ती ज्यानें गिळली त्याचें अर्धें काम झालें.

४. घराची भाकर आधीं पाहावी.

उत्साहाच्या भरांत हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये. बायकोमुलांशीं बसून बोलावें. बाबा आमट्यांच्या कामांत साधनाताई बरोबरीनें उभ्या होत्या, हें विसरूं नये. बनेल तितके दिवस जुन्या कामावर राहून, जें नवें करावयाचें तें जो करीत आहे त्याच्या हाताखालीं थोडे दिवस राबून पाहावें. नोकरी लावून देतों म्हणणाऱ्या दलालास शेत विकून पैसे देऊं नयेत. असें केल्यानें जमीनही जाते व नोकरीही मिळत नाहीं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येकास मनाजोगें काम मिळेलच असें नाहीं. धंतोलींतील पहारेकऱ्याच्या वांट्यास कदाचित् तेंच दार शेवटपर्यंत येईल. परंतु रात्रीं दोन वाजतां आजारी लेकरास घेऊन आलेल्या खेडवळ बाईला कोठें जावयाचें हें जो धीरानें सांगतो, त्याचें काम लहान नव्हे. वेतन मालकाच्या हातीं आहे, मान लोकांच्या हातीं आहे. समाधानाचा मोठा वांटा मात्र आपण कोणाच्या उपयोगीं पडलों ह्यांत आहे, आणि तो कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :

(१) आपल्या गांवांत गेल्या दहा वर्षांत कोणतीं कामें नाहींशीं झालीं? तीं करणारे आज काय करितात?
(२) वरील कागदाप्रमाणें आपणांस येणाऱ्या पांच गोष्टी सांगा. त्यांतील कोणती दुसऱ्यास शिकवितां येईल?
(३) ज्याचें काम सुटलें आहे असें एखादें घर आपल्या मंडळींत आहे काय? ह्या आठवड्यांत तेथें कोण जाईल, आणि रिकाम्या हातीं जाणार नाहीं?