स्तंभांमागील घर : कलकत्त्याचा मार्बल पॅलेस आणि त्याच्या कुळातील वास्तू

उत्तर कलकत्त्यातील चोरबागान हा दाट वस्तीचा भाग आहे. तेथील मुक्ताराम बाबू स्ट्रीटवरून चालताना दोन्ही बाजूंची घरे अंगावर येतात, आणि मग एकाएकी लोखंडी कठड्यामागे हिरवळ, कारंजे, पाषाणमूर्ती आणि त्यांच्या पलीकडे पन्हळीदार कॉरिंथियन स्तंभांची उंच रांग दृष्टीस पडते. हे मल्लिक घराण्याचे निवासस्थान होय. संगमरवरी फरशी व भिंती यांमुळे त्याला 'मार्बल पॅलेस' हे नाव पडले. राजेंद्र मल्लिक (१८१९–१८८७) यांनी हे घर १८३५ च्या सुमारास उभारावयास घेतले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. सुवर्णवणिक समाजातील नीलमणी मल्लिक यांचे ते दत्तक पुत्र. नीलमणींनी स्थापिलेले जगन्नाथाचे देऊळ या घराहून जुने असून ते याच आवारात आहे, आणि बाहेरच्या दर्शकांना तेथे प्रवेश नाही. देव आधी आणि घर नंतर, हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पुढील विवेचनात त्याची गरज पडेल.

नवअभिजात शैली कलकत्त्यात आली ती राज्यकर्त्यांबरोबर. वेलस्लीच्या कारकिर्दीत, १७९९ ते १८०३ या काळात, कॅप्टन चार्ल्स वायट याने गव्हर्नमेंट हाऊस बांधले. त्यासाठी त्याने नमुना घेतला तो डर्बीशायरमधील केडल्स्टन हॉलचा, म्हणजे कर्झन घराण्याच्या राहत्या घराचा. पुढे शंभर वर्षांनी त्याच घराण्यातील लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन आला आणि आपल्याच वडिलोपार्जित घराच्या प्रतिकृतीत राहू लागला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. टाउन हॉलचे डोरिक स्तंभ १८१३ सालचे. ग्रीक-रोमन मंदिरांचे खांब अशा रीतीने प्रथम इंग्रज उमरावाच्या घरावर चढले, तेथून राजवास्तूवर आले आणि तेथून बंगाली व्यापाऱ्यांच्या व जमीनदारांच्या घरांवर. या प्रवासाकडे केवळ अनुकरण म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही.

पहिला फरक सामग्रीचा. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात बांधकामाचा दगड मिळत नाही. मिळतो तो गाळ, म्हणजे वीट. त्यामुळे कलकत्त्याचे हे पाश्चात्त्य स्तंभ बहुतांशी विटांचे आहेत. वर चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांचा गिलावा. गिलावा ओला असताना पत्र्याचा साचा फिरवून काढलेल्या कंगोऱ्यांच्या रेषा. आणि शेवटी घोटलेल्या चुन्याची पांढरी झिलई. दगडाचा भास देणारी ही वास्तू मुळात मातीची आहे, आणि तिचे सारे आयुष्य पाण्याशी चालणाऱ्या व्यवहारावर अवलंबून आहे. छत सपाट, लाकडी तुळया आणि वाशांचे. बंगालीत त्याला 'कडि-बरगा' म्हणतात. मराठी वाचकास आपला 'कडीपाट' सहज आठवावा. स्तंभांच्या मधल्या मोकळ्या जागेत हिरव्या झडपांच्या झिलमिली. अथेन्सच्या स्तंभांमध्ये अशा झडपा नव्हत्या, कारण तेथे आषाढ-श्रावण नव्हता.

दुसरा फरक याहून मूलगामी आहे. स्तंभांची रांग ओलांडून आत गेले की पाश्चात्त्य घर संपते. मध्ये चौक, त्याच्या भोवती खोल्या, आणि चौकाच्या एका अंगास ठाकुरदालान. या रचनेला बंगालीत 'चकमिलानो बाडी' असे नाव आहे. यातला 'चक' म्हणजे आपलाच चौक. 'बाडी' आणि मराठीतील 'वाडी' ही 'वाटिका' या एकाच शब्दाची लेकरे. दरवाजाजवळच्या पहारेकऱ्यांच्या जागेला बंगालीत 'देउडी' म्हणतात, मराठी वाड्यात तीच 'देवडी' आहे. असे असल्यामुळे बंगाली कादंबरी मराठीत वाचणाऱ्यास, आणि मराठीत आणणाऱ्यासही, आपण ओळखीच्या घरात वावरत आहोत असे वाटते. ही ओळख पुष्कळशी खरी असली तरी ती नेमकी महत्त्वाच्या ठिकाणी फसवते.

ते ठिकाण म्हणजे ठाकुरदालान. मराठीत या शब्दासाठी 'देवघर' हा पर्याय चटकन सुचतो. परंतु मराठी वाड्यातील देवघर हे घराच्या गाभ्यात, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या सान्निध्यात असते. सोवळ्याची जागा ती, तेथे परका पोचत नाही. ठाकुरदालान याच्या अगदी उलट आहे. ते पायऱ्यांनी उंचावलेले, चौकाकडे तीन किंवा पाच कमानींनी सताड उघडलेले असते. शरद ऋतूत दुर्गेची मूर्ती पुष्कळदा तेथेच घडते, तेथेच पुजली जाते, आणि चौकात आश्रित, शेजारी, कुळे, क्वचित इंग्रज पाहुणेही जमतात. घरातील स्त्रिया वरच्या मजल्यावरील झिलमिलीआडून तोच सोहळा पाहतात. म्हणजे येथे देव हा घराचा सर्वांत सार्वजनिक पुरुष आहे, आणि घरातील स्त्री सर्वांत आत आहे. 'देवघर' हा शब्द योजल्याबरोबर ही सारी मांडणी आतली बाहेर आणि बाहेरची आत होते. पेशव्यांच्या शनिवारवाड्यातील गणपती रंगमहाल हे ठाकुरदालानाला त्यातल्या त्यात जवळचे मराठी उदाहरण, पण ते राजवाड्याचे. सामान्य वाड्याचे नव्हे. 'दालन' शब्दही कामास येत नाही. मराठीत दालन म्हणजे चार भिंतींची ऐसपैस खोली. ठाकुरदालानाचा प्राण चौथ्या भिंतीच्या अभावात आहे. तेव्हा मूळ शब्द तसाच ठेवून एकदा नीट समजावून सांगणे, हाच मार्ग अनुवादकास उरतो.

घराच्या या रचनेचा मानवी अर्थ जोडासांकोच्या ठाकूर घराण्याच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसतो. ते घर मार्बल पॅलेसपासून फार दूर नाही. नीलमणी ठाकूर यांनी १७८४ मध्ये तेथे वस्ती केली. त्यांचे नातू द्वारकानाथ यांनी साहेबलोकांना मेजवान्या देण्यासाठी शेजारीच स्वतंत्र 'बैठकखाना' घर उभारले. घरच्या देवाला आणि सोवळ्याला ते खाणेपिणे मानवणारे नव्हते. पुढे देवेंद्रनाथांनी ब्राह्मधर्म स्वीकारून मूर्तिपूजा सोडली, तेव्हा त्यांचे बंधू गिरींद्रनाथ यांच्या विधवा पत्नी कुलदेवतेसह त्या बैठकखाना घरात राहावयास गेल्या. ज्या घरात देवापासून लपून मेजवान्या झडावयाच्या तेथे देव आला, आणि मूळ घराचे ठाकुरदालान मूर्तीवाचून ब्राह्म उपासनेचे स्थान झाले. पत्ता बदलला नाही, वीट हलली नाही, पण दोन्ही घरांचा अर्थ फिरला.

याच घरातून १८६४ मध्ये सत्येंद्रनाथ ठाकूर, पहिले भारतीय सनदी अधिकारी, पत्नी ज्ञानदानंदिनी यांना घेऊन मुंबई इलाख्यात नोकरीवर रुजू होण्यास निघाले. अंतःपुरातील सुनेने बाहेरच्या चौकातून चालत जाऊन गाडीत बसावे हे घरातील वडीलधाऱ्यांना अशक्य वाटले. म्हणून त्यांना पालखीतून जहाजापर्यंत नेण्यात आले. अंतःपुर आणि देउडी यांच्यामधील अंतर पावलांनी मोजले तर थोडकेच भरेल. ते अंतर ठाऊक नसेल तर रवींद्रनाथांच्या 'घरे-बाइरे' (१९१६) या कादंबरीचे शीर्षकही पूर्ण कळत नाही, कारण तेथे 'बाहेर' म्हणजे रस्ता नव्हे. त्याच घराची पुढची, बैठकीची बाजू होय. विमला तेवढाच उंबरठा ओलांडते. सत्येंद्रनाथांनी पुढे तुकारामांचे अभंग बंगालीत नेले, तेव्हा या घराचा मराठीशी संबंध केवळ प्रवासापुरता उरला नाही.

आता जतनाचा प्रश्न. ही घरे पडतात ती तीन मार्गांनी : पाण्याने, वाटणीने आणि रस्त्याने.

पाण्याचा मार्ग संथ असतो. जमिनीतील ओल विटेतून वर चढते. चुन्याचा गिलावा तिला श्वासाबरोबर बाहेर टाकतो. दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर सिमेंट थापले की ती वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार साठतात, वीट भुसभुशीत होते आणि काही वर्षांनी सिमेंटचा टणक पापुद्रा विटेचा दर्शनी भाग सोबत घेऊन गळून पडतो. कॉर्निसच्या फटीत रुजलेला पिंपळ, भिंतीत पुरलेल्या तुळयांची कुजलेली टोके, तुंबलेली पन्हळ ही नेहमीची लक्षणे आहेत. उपाय अवघड नाहीत. अवघड आहे ते चुना मुरवण्याइतका धीर धरणे, आणि साचा फिरवणारा हात मिळणे.

वाटणीचा मार्ग कायद्यातून जातो. बंगालात दायभाग पद्धती होती. महाराष्ट्रासह इतरत्र मिताक्षरा. दायभागात बापाच्या पश्चात प्रत्येक वारसाचा हिस्सा निश्चित असतो, आणि दोन-तीन पिढ्यांत एका घराचे अनेक धनी होतात. चौकात भिंती उठतात, झिलमिली काढून खोल्या वाढवल्या जातात, दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा यावर एकमत होत नाही. याला मोठा अडसर ठरली ती 'देवोत्तर' ही व्यवस्था. मालमत्ता देवास अर्पण केलेली असली की वारस मालक राहत नाहीत, सेवाईत होतात. पूजेची पाळी वाटून घेता येते, घर विकता येत नाही. चोरबागानच्या मल्लिकांचेच आडनाव असलेल्या दुसऱ्या एका कलकत्ता कुटुंबात, आपल्या पाळीच्या काळात देवाला आपल्या स्वतंत्र घरी न्यावे काय, असा वाद पेटला आणि तो १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मूर्ती ही वस्तू नव्हे, कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिने कोठे राहावे याविषयी तिच्याही इच्छेचा विचार व्हावयास हवा आणि ती मांडण्यास स्वतंत्र प्रतिनिधी हवा, असे तेथे ठरले. हिंदू कायद्याच्या ग्रंथांत हा निवाडा प्रसिद्ध आहे. वास्तुजतनाच्या ग्रंथांत तो सहसा आढळत नाही. परंतु उत्तर कलकत्त्यात जी जुनी घरे अखंड चौकासह उभी आहेत त्यांपैकी कित्येकांना स्थापत्यप्रेमाने नव्हे, तर देवाच्या मालकीने तारले आहे.

रस्त्याचा मार्ग विसाव्या शतकाचा. १९१२ पासून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले. बिमल मित्र यांच्या 'साहेब बिबि गोलाम' (१९५३) या कादंबरीचा नायक भूतनाथ अखेर याच कामावरील ओव्हरसियर म्हणून, जेथे तो तरुणपणी आश्रित होता तोच वाडा पाडावयास येतो. सारी कथा कुदळीच्या आवाजात उलगडत जाते. १९६२ च्या हिंदी चित्रपटाने हा भाग भारतभर पोचवला.

वारसा-संरक्षणाचे कायदे यानंतर पुष्कळ उशिरा आले. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, पश्चिम बंगालचा वारसा आयोगाचा कायदा २००१ चा. त्यांचा उपयोग झाला हे मान्य करूनही एक आक्षेप घ्यावा लागतो. राहत्या घराच्या बाबतीत असे संरक्षण प्रामुख्याने रस्त्यावरून दिसणाऱ्या अंगाचा विचार करते. स्तंभ राखून मागे नवी इमारत उठवली तर वारसा राखल्याचे समाधान मिळते; परंतु या घरांचा जो भाग उसना होता तेवढाच त्यातून राखला जातो आणि जो स्वतःचा होता तो जातो.

या दृष्टीने मार्बल पॅलेसची स्थिती विलक्षण आहे. तेथे मल्लिकांचे वंशज अद्याप राहतात. आगाऊ परवाना घेऊन दर्शकांना ठराविक खोल्या पाहता येतात, छायाचित्रे मात्र घेता येत नाहीत. रूबेन्स आणि रेनॉल्ड्स यांची म्हणून दाखवली जाणारी चित्रे, एका लाकडातून कोरलेली राणी व्हिक्टोरिया, आरसे, घड्याळे, चिनी कुंड्या हे सारे दाटीने मांडलेले आहे, आणि सुसंस्कृत पाहुणा या गर्दीला नाके मुरडतो. वस्तुसंग्रहालयाच्या शिस्तीने ती विरळ केली तर एकोणिसाव्या शतकातील एका वणिकाची जगाविषयीची हाव वाचण्याचे साधन नाहीसे होईल. चौक, ठाकुरदालान, आवारातील देऊळ, पक्षी व प्राणी यांचा खासगी संग्रह, अन्नदानाची प्रथा ही सर्व अंगे एकत्र असल्यामुळेच ते घर आहे. धूळ आहे, ओल आहे. पण क्रम शाबूत आहे.

जोडासांकोच्या दोन घरांपैकी रवींद्रनाथांचे, क्रमांक सहाचे घर राष्ट्राने सांभाळले. १९६२ मध्ये तेथे रवींद्र भारती विद्यापीठ स्थापन झाले. क्रमांक पाच, म्हणजे गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ यांचे बैठकखाना घर, विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात विकले गेले आणि पाडले गेले. अवनींद्रनाथ १९४१ मध्ये वराहनगरच्या गुप्तनिवासात राहावयास गेले. त्यांनी सांगितलेल्या आठवणी रानी चंद यांनी लिहून घेतल्या. त्या 'घरोया' (१९४१) आणि 'जोडासांकोर धारे' (१९४४) या नावांनी प्रसिद्ध झाल्या. त्यांत कोणता जिना कोठे चढे, दक्षिणेच्या व्हरांड्यात कोण कोठे बसे, संध्याकाळी कोणत्या खोलीत प्रथम दिवा येई, हे सारे एखाद्या राहत्या माणसाच्या बोलण्यात येते तसे येते. दर्शनी स्तंभांविषयी त्यांत फारसे काही नाही.