रक्त देताना चक्कर का येते आणि ती कशी टाळायची?

मित्रांनो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला कळावा, म्हणून मराठीतच लिहितोय.

फर्स्ट इयरला कॅम्पमध्ये मी पहिल्यांदा रक्त दिलं. रात्रभर सबमिशन, सकाळी मेसमधला सुशीला न खाताच थेट कॉटवर. पिशवी भरली, ऐटीत उठलो आणि तीन पावलांवर धाडकन पडलो! पोरांनी वर्षभर चिडवलं. यंदा औशाच्या एका मित्राच्या वडिलांना डेंग्यू झाला. लातूरहून त्याचा फोन आला, "प्लेटलेट लागतात, तुझा ग्रुप जुळतोय. येतोस का?" हो म्हणालो, पण पाय कापत होते. तिथल्या टेक्निशियन मॅडमनी जे समजावलं, त्यात थोडा अभ्यास घालून इथं देतोय.

मशीन काय करतं?

या पद्धतीला अफेरेसिस म्हणतात. हातातून रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये जातं. लाल पेशी जड, प्लाझ्मा हलका, प्लेटलेट मधे. प्लेटलेट वेगळ्या काढून बाकीचं रक्त परत आपल्याच शरीरात सोडतात. तास-दीड तास लागतो. साध्या पद्धतीनं पाच-सहा जणांच्या रक्तातून मिळतात तेवढ्या प्लेटलेट एकाच दात्याकडून मिळतात.

रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात. ही चक्कर नव्हे, पण लगेच सांगायचं. मशीनचा वेग कमी करतात किंवा कॅल्शियम देतात.

मग चक्कर कशानं?

हा फीडबॅक कंट्रोलचा घोटाळा आहे. मानेतल्या धमन्यांत प्रेशर सेन्सर असतात. प्रेशर उतरलं की हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. पण भीती, सुई, जागरण, उपाशी पोट यांमुळे कधी उलटा सिग्नल जातो. व्हेगस नर्व्ह हृदय मंद करते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला कमी पडतं. यात भित्रेपणाचा किंवा मर्दानगीचा काही संबंध नाही.

तरुण, पहिल्यांदा देणारे आणि कमी वजनाचे यांना हा त्रास जास्त होतो. किलोमागे ६५ मिली रक्त धरलं, तर ४५ किलोच्या माणसात सुमारे २९२५ मिली. त्यातून ३५० मिली म्हणजे १२ टक्के. ७० किलोच्या माणसाला तेच फक्त ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून वजन खरं सांगा.

काय करायचं?

१. आदल्या रात्री नीट झोपा. उपाशी जाऊ नका. थोडं खारट खा.

२. सुई टोचण्याआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी प्या. पाण्यानं थोडा वेळ रक्तदाब सावरलेला राहतो.

३. आधी कधी चक्कर आली असेल तर लपवू नका.

४. मांड्या, पोटऱ्या आणि पोट पाच सेकंद आवळा, मग सोडा. सुईचा हात मात्र सैल ठेवा, श्वास रोखू नका. स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्त यांनी १९८० च्या दशकात रक्ताला घाबरणाऱ्यांना हीच युक्ती शिकवली होती.

५. सुईकडे बघू नका, गप्पा मारा.

६. झाल्यावर एकदम उठू नका. पंधरा मिनिटं बसा. चक्कर उशिराही येते, म्हणून लगेच गाडी चालवू नका, उन्हात रांगेत उभे राहू नका.

७. घाम, मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी आली की तोंड उघडा! आडवं करून पाय वर केले की बहुतेक वेळा माणूस सावरतो.

मलाही अर्ध्यात घाम फुटला. या वेळी लाज न बाळगता सांगितलं. मॅडमनी मशीन थांबवलं, खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झालं आणि पिशवी पूर्ण भरली. काका आता घरी आहेत. काकूंनी माझ्यासाठी धपाट्यांचा डबा पाठवला, तो रूममेट्सनीच संपवला!

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे आपल्या औसा तालुक्यातली किल्लारी हादरली, तेव्हा कुणाला आधी नोटीस आली नव्हती. गरज अशीच येते. १ ऑक्टोबरला राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन असतो. एकदा पडलो म्हणून कायमचं लांब राहू नका. पाणी पिऊन, पोटभर खाऊन या. मी शेजारच्या कॉटवर असेनच.