खारजमिनीचा गाळ : थर कसा बसतो व बांधाआड का खचतो

रायगड जिल्ह्यातील खारेपाटापासून दक्षिणेकडे सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या खाड्यांपर्यंत भरतीच्या पाण्यालगत जी सपाट भातशेते दिसतात, त्यांची माती वयाने फार तरुण आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे हिम वितळून समुद्र चढला व ६-७ हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आला. नद्यांची मुखाकडील खोरी त्यात बुडाली. त्यांच्याच खाड्या झाल्या. या खाड्यांत बसत आलेला गाळ म्हणजे खारजमीन होय.

म्हणूनच गाळाचा थर सर्वत्र सारखा नसतो. डोंगराच्या पायथ्याशी पहार घातली तर थोड्याच खोलीवर मुरूम वा कातळ लागतो. बुडालेल्या जुन्या पात्रावर मात्र मऊ चिकण थर कित्येक मीटर खाली जातो. एकाच बांधाखाली हे दोन्ही प्रकार आढळू शकतात.

नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच ते एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात व पाणी स्तब्ध झाले की तळाशी बसतात. गाळ पुरेसा उंच झाल्यावर त्यावर तिवरे रुजतात. त्यांच्या मुळांनी प्रवाह मंदावून आणखी गाळ साचतो. जसजशी उंची वाढते, तसतसे भरतीचे पाणी तेथे कमी वेळा चढते आणि साचण्याचा वेग आपोआप कमी होतो.

बांध घातला की खारे पाणी अडते. त्याबरोबर नवा गाळही अडतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ताज्या गाळात पाण्याचा अंश मोठा असतो. ते निथळले की गाळ आकसतो, उन्हाळ्यात भेगाळतो, त्यातील जुनी मुळे कुजतात आणि जमीन खचते. जेथे मऊ थर जाड, तेथे खचण्यास वावही अधिक. बांधाबाहेर मात्र उधाणाचे पाणी गाळाचे पापुद्रे टाकीतच असते. अशा रीतीने काही वर्षांनी आतले शेत बाहेरच्या गाळाहून खोल राहते.

उघाडीतून पाणी निघते ते बाहेरची पातळी आतल्यापेक्षा उतरल्यावरच. शेत खोल गेले की निचऱ्यास मिळणारा वेळ घटतो. पावसाचे पाणी मिठाचा अंश धुऊन नेण्याऐवजी शेतातच तुंबते. बांधास खांड पडल्यास आत शिरलेले खारे पाणीही ओहोटीबरोबर पुरते परत जात नाही. समुद्राची पातळी आज वाढत असल्याने ही अडचण वाढणारच आहे.

यासाठी बांधाची दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी बांधाच्या रेषेवर ठिकठिकाणी गिरमिटाने थर तपासावा. वरची तपकिरी, भेगाळलेली माती कोठे संपते व काळसर, मऊ, कुबट वासाचा गाळ कोठे लागतो, हे मोजून वहीत नोंदवावे. मऊ गाळ खोल असल्यास बांध एका दमात पूर्ण उंचीस नेऊ नये. त्याच्या भाराने खालचा गाळ दोन्ही बाजूंस सरकतो व बांध बसतो. थोडी भर घालावी, ती दबू द्यावी, मग पुढची घालावी. भरीसाठी बाहेरील तिवरांखालचा गाळ खणून आणणे तर घातकच. लाटांचा मारा तेथेच मोडतो, शिवाय तिवरांची तोड कायद्याने मना आहे.

उघाडीचा उंबरठा शेतातील सर्वांत खोल जागेची पातळी घेऊनच ठरवावा. बांधालगतची जागा मोजण्यास सोयीची, म्हणून तीच मोजण्याकडे कल असतो; तो टाळावा. जुन्या उघाडीच्या मापाने नवी बसवू नये, कारण दरम्यान शेत खचलेले असते. जवळच्या पक्क्या कातळावर एक कायमची खूण कोरून दरवर्षी मे महिन्यात तिच्यापासून आतल्या शेताची व बाहेरील गाळाची पातळी घ्यावी व दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी मांडावेत.