ब्लॉक उतरण्याआधी

शेतात सोयाबीन सोंगून आईचे दोन्ही गुडघे झिजले. उजवा गुडघा अकोल्याला नेऊन बदलला. वाशीमला गुडघ्याचा विषय निघाला की बोलणं होतं खर्चाचं आणि सांधा कोणत्या कंपनीचा, याचं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हापासून ते कोडं जरा सोपं झालं आहे. पण ऑपरेशननंतरच्या दुखण्याचं काय करणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून ओळखीचं कुणी या ऑपरेशनला निघालं की मी एवढं सांगतेच.

१. भूलतज्ज्ञांना आधी भेटा. सर्जनचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण पहिली रात्र कशी जाणार हे बरंचसं भूलतज्ज्ञांच्या हातात असतं. कमरेतल्या भुलीसोबत ब्लॉक देणार का, कोणता देणार, तो किती वेळ टिकेल, हे विचारा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, साखर, किडनीचा त्रास, पायाला आधीपासून मुंग्या, जे असेल ते सांगा. जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी सोबत न्या.

२. ब्लॉक म्हणजे काय, ते समजून घ्या. कमरेतली भूल काही तासांत उतरते आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. त्यासाठी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत मांडीत सुई घालतात आणि नसेच्या भोवती बधिर करणारं औषध सोडतात. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन. पूर्वी जांघेजवळ फेमोरल नसेला ब्लॉक देण्याची पद्धत जास्त होती. दुखणं छान थांबायचं, पण मांडीचा स्नायूही ढिला पडायचा आणि उभं राहताना पाय दगा द्यायचा. आता बऱ्याच ठिकाणी थोडं खाली, मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूने, अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक देतात. तिथल्या नसा मुख्यतः संवेदनेच्या असल्याने मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते आणि पेशंटला लवकर वॉकर धरून उभं करता येतं.

३. या ब्लॉकने गुडघ्याची पुढची बाजू शांत होते, मागची ठणकू शकते. म्हणून मागच्या बाजूसाठी आयपॅक नावाचा वेगळा ब्लॉक देतात, किंवा टाके घालण्याआधी सर्जन सांध्याभोवतीच औषध टोचतात. दुखणं एकाच औषधाने मारण्याऐवजी अशी दोन-तीन औषधं आणि इंजेक्शनं मिळून आवरायची, हा विचार आता सगळीकडे रुजला आहे.

४. सगळ्यात महत्त्वाचं हे. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण १२ ते २४ तास टिकतो. म्हणजे सकाळी ऑपरेशन झालं, तर तो मध्यरात्री किंवा पहाटे उतरायची शक्यता असते आणि उतरतो तेव्हा दुखणं एकदम उसळतं. गोळी त्याच्या आधी पोटात गेलेली हवी. दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी लागू पडेपर्यंत पेशंट घामाघूम होतो. संध्याकाळीच सिस्टरला विचारून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या आणि पेशंट न दुखता पडून असला तरी त्या चुकवू नका. किडनी नाजूक असेल तर सुजेवरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. काही ठिकाणी बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवतात, त्याचीही चौकशी करा.

आई म्हणाली, “मले सवय आहे सोसाची.” आपल्याकडच्या बायकांचं या सोसण्यासाठी कौतुक होतं, आणि मला त्याचा राग येतो. दुखतं म्हणून गुडघा वाकवला नाही तर तो आखडतो. नवा सांधा बसवूनही मांडी-पोटरी आवळलेलीच राहते, मग एवढा खर्च कशाला केला? मी तिला म्हटलं, “आई, इथं सोसायचं नाही, सांगायचं.”

५. बधिर पायावर भरवसा ठेवू नका. संडासला जातानासुद्धा माणूस सोबत हवा. शेकायची पिशवी ठेवू नका. भाजलेलं कळत नाही. टाच एकाच जागी दाबून राहिली नाही ना, ते बघत राहा.

६. सुई देताना ओठ बधिर झाले, कानात गुंजलं, तोंडाला धातूची चव आली, तर लगेच बोला. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते. ठरलेली वेळ उलटूनही पाऊल वर उचलता येत नसेल, तर “होईल हळूहळू” म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

७. फिजिओची वेळ गोळीला जोडा. व्यायामाआधी साधारण पाऊण तास गोळी घेतली की गुडघा पुष्कळ वाकतो. घरी निघतानाही तेच. पातूरचा घाट, मेडशी, मालेगाव करत वाशीमला यायचं, तर निघण्याआधी गोळी द्या, पुढची सीट मागे सारा आणि मेडशीला गाडी थांबवून पेशंटला वॉकरवर दोन मिनिटं उभं करा.