संगणकातील खतावणीचे जतन

सहकारी चळवळीच्या इतिहासात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला मानाचे स्थान आहे. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गावोगावच्या सेवा सोसायट्या, दूध संस्था व पतसंस्था यांनी ही परंपरा पुढे नेली. या संस्थांवरील सभासदांचा विश्वास खतावणीवर आधारलेला असतो. आणि ती खतावणी आता बासनातून संगणकात आली आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये मंजूर केली.

लहान संस्थेत पुष्कळदा सर्व्हर लिनक्सवर, तर काउंटरवरील संगणक विंडोजवर चालतात. अशा वेळी राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१. लिनक्सच्या ‘एक्स्ट-४’ पद्धतीची डिस्क विंडोजला सामान्यतः थेट वाचता येत नाही. ‘फॅट-३२’ दोन्हीकडे चालते, परंतु तीत ४ जीबीची फाइल मावत नाही. ‘एक्सफॅट’मध्ये ही अडचण नाही, मात्र कोणती फाइल कोणाच्या मालकीची, ही लिनक्समधील नोंद तीत राहत नाही. म्हणून सर्व फाइलींचे ‘टार’ पद्धतीचे एकच गाठोडे करून ते ठेवावे.

२. व्यवहार चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती उचलून ठेवू नये. अर्धवट नोंदींची ती प्रत ऐनवेळी निरुपयोगी ठरू शकते. डेटाबेसच्या स्वतःच्या निर्यात-सोयीने ‘डम्प’ काढावा. तो दुसऱ्या संगणकप्रणालीवरही उतरवता येतो.

३. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, हा नियम पाळावा. बाहेरची प्रत सांकेतिक कुलपात असावी; त्याची किल्ली सचिवांखेरीज आणखी एका जबाबदार पदाधिकाऱ्याकडेही असावी.

४. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील विंडोज संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. सर्व्हरला सदैव जोडलेली डिस्क अशा हल्ल्यात सापडते. सबब, प्रत घेऊन होताच डिस्क काढून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पडताळणीची. महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या संगणकावर उतरवून चार-दोन सभासदांची शिल्लक मूळ खात्याशी ताडून पाहावी आणि तसा शेरा नोंदवहीत लिहावा. पासबुक घेऊन दाराशी आलेल्या ठेवीदाराला आकडा अचूक सांगता आला, तरच जतनाचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.