कुंपण हटल्यानंतर : बोत्सवानातील झेब्र्यांचे स्थलांतर

मोठ्या तृणभक्षी प्राण्यांचे ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर हा विषय वरकरणी जीवशास्त्राचा आहे. तथापि आफ्रिकेतील बोत्सवाना देशाचे एक उदाहरण इतिहासाच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावते. म्हणून ते आम्ही येथे मांडीत आहोत.

बोत्सवानाच्या वायव्येस ओकावांगो नदी समुद्रास न मिळता कलहारीच्या वाळूत पसरते. अंगोलाच्या उंच प्रदेशात पडलेल्या पावसाचे पाणी येथे पोहोचण्यास काही महिने लागतात. त्यामुळे ऐन कोरड्या ऋतूत हा प्रदेश जलमय असतो. त्याच्या आग्नेयेस मकगाडिकगाडीची खारी मैदाने आहेत. पावसाळ्यात तेथे क्षारयुक्त, पौष्टिक गवत उगवते. पाणी आटले की तेथे तग धरणे कठीण होते. एक प्रदेश पाण्याचा, दुसरा चाऱ्याचा. दोन्ही मिळून झेब्र्यांचे वर्ष निभते.

१९६८ साली या दोहोंमध्ये लांबलचक कुंपण उभे राहिले. रानम्हशींकडून पाळीव गुरांना लाळ्या-खुरकूत रोगाची लागण होऊ नये, हा त्यामागील उद्देश. गुरांवर उपजीविका करणाऱ्यांच्या दृष्टीने तो गैर नव्हता. परंतु झेब्र्यांचा मार्ग बंद झाला. २००४ साली ते कुंपण काढण्यात आले. मधली ३६ वर्षे म्हणजे झेब्र्याच्या सरासरी आयुष्याच्या जवळपास तिप्पट. तो मार्ग चाललेला प्राणी हयात असण्याचा संभव नव्हता.

२००७ पासून संशोधकांनी काही झेब्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले. त्यांतील अनेक झेब्रे मकगाडिकगाडीस जाऊन परतले. जाण्यायेण्याचे अंतर ५८८ किलोमीटर! पुढील अभ्यासात दिसले, की पाऊस व हिरवळ यांच्या अनुरोधाने ते निघतात आणि पावसाने मध्येच दडी मारली तर मागेही फिरतात. पाऊसमान बदलत असताना मोकळ्या वाटेचे मोल यामुळेच वाढते.

१९८५ साली एखाद्या निरीक्षकाने ‘येथील झेब्रे स्थलांतर करीत नाहीत’ अशी नोंद केली असती, तर ती खरी ठरली असती. ‘तो त्यांचा स्वभावच नाही’ हा निष्कर्ष मात्र खोटा ठरला असता. नोंद आणि निष्कर्ष यांतील हे अंतर आम्ही इतिहासाच्या वर्गात वारंवार सांगतो. थांबलेली हालचाल दिसली, की स्वभावाकडे बोट दाखविण्यापूर्वी कुंपण कोणी, केव्हा व कशासाठी घातले, हे शोधावे.